नाइटिंगेलबाईंचा दिवा आणि नोंदवही

दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन साजरा होतो. परिचर्या महाविद्यालयांतील मुली हातांत दिवे घेऊन शपथ घेतात, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ सेवा, त्याग व करुणा या तीन शब्दांभोवती आपले भाषण गुंफतात. या समारंभाला नावे ठेवण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु ज्या बाईंच्या नावाने तो होतो त्यांचा करुणेइतकाच, किंबहुना करुणेहून अधिक, भरवसा हिशेबावर होता, ही गोष्ट त्या भाषणांतून सहसा निसटते. त्यांच्या नावाने घेतली जाणारी शपथही त्यांची नव्हे. ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी एका परिचर्या विद्यालयासाठी तयार झाली. चित्रांतून दिसणारा अल्लाउद्दिनाच्या दिव्यासारखा दिवादेखील त्यांचा नव्हता. इस्पितळातून रात्री फिरताना त्या वापरीत तो घडीचा तुर्की कंदील होता.

या दिव्यामागची नोंदवही आज उघडून पाहण्याचे कारण आहे. शस्त्रक्रिया आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही सांगतो, की ग्राहक माल पाहतो, पारखतो आणि मग किंमत मोजतो. भूल दिलेला रुग्ण यांपैकी काहीच करू शकत नाही. आपल्या शरीरावर काय चालले आहे हे त्याला दिसत नाही, दुखले तर सांगता येत नाही, चुकीच्या अंगाला हात लागला तर ओरडता येत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांनाही काही कळत नाही. त्याच्या वतीने पाहणारे, मोजणारे आणि वेळ पडल्यास बोलणारे माणूस बहुधा परिचारिका असते. तिने मोजावे, लिहावे आणि बोलावे अशी व्यवस्था रुग्णालयात आहे की नाही, यावर पुष्कळ वेळा प्राण अवलंबून असतात. नाइटिंगेलबाईंचे आयुष्य या दृष्टीने वाचले, तर ते शाळेतल्या धड्यापेक्षा बरेच निराळे दिसते.

त्यांचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतील फ्लॉरेन्स शहरातला; शहराचेच नाव मुलीला मिळाले. घराणे सधन, इंग्लंडात दोन प्रशस्त घरे. वडिलांनी मुलींना स्वतः ग्रीक व लॅटिन शिकविले. फ्लॉरेन्सला ओढ मात्र गणिताची. वयाच्या सोळाव्या वर्षी ईश्वराने आपल्याला काही कार्यासाठी बोलाविले आहे असा त्यांना साक्षात्कार झाला. ते कार्य कोणते हे उमगायला आणखी काही वर्षे गेली, आणि उमगल्यावर घरच्यांनी वाट अडविली. त्या काळच्या इंग्लंडात इस्पितळातील परिचारिका म्हणजे दारूच्या वासाची, अक्षरशत्रू बाई, असा समज होता आणि तो सर्वस्वी खोटाही नव्हता. चांगल्या स्थळाला त्यांनी नकार दिला. १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सव्हर्थ येथे तीन महिने शिक्षण घेतले आणि १८५३ च्या ऑगस्टमध्ये लंडनमधील एका लहानशा महिला रुग्णालयाची व्यवस्था हाती घेतली.

या रुग्णालयातील एक तपशील चरित्रकार जाता जाता सांगतात. मला तो फार बोलका वाटतो. कामावर रुजू होताना बाईंनी ज्या मागण्या केल्या, त्यांत प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी, जेवण वर नेण्यासाठी लहान पाळणा आणि एका विशिष्ट प्रकारच्या घंटा होत्या. रुग्णाने घंटा वाजविली की बाहेर एक झडप उघडावी आणि ती तशीच उघडी राहावी, म्हणजे नाद विरून गेल्यावरही कोणी बोलाविले हे परिचारिकेला दिसेल. घंटा ऐकण्याचे काम कानाच्या आणि स्मरणाच्या भरवशावर सोडायचे नाही, हा विचार तेहतीस वर्षांच्या, इस्पितळाचा फारसा अनुभव नसलेल्या स्त्रीला सुचला होता. माणूस विसरणार हे धरून चालायचे आणि विसरले तरी बिघडू नये अशी योजना करायची. आजच्या शस्त्रक्रियागृहातील सगळी सावधगिरी या एका सूत्रावर उभी आहे.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. जखमी सैनिकांच्या हालांच्या बातम्या लंडनच्या वृत्तपत्रांतून येऊ लागल्या, तेव्हा युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या सांगण्यावरून ३८ परिचारिकांची तुकडी घेऊन बाई निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथे पोहोचल्या. तेथील लष्करी डॉक्टरांना ही ब्याद नको होती. बाईंनी भांडण केले नाही. डॉक्टर बोलावीपर्यंत एकाही परिचारिकेने रुग्णाला हात लावायचा नाही असा त्यांनी आपल्याच बायकांना दंडक घातला. लवकरच जखमींचे लोंढे आले आणि डॉक्टरांना बोलवावे लागले. या दंडकाची दुसरी बाजूही आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

स्कुटारीचे इस्पितळ म्हणजे एक जुनी प्रचंड बराक. खाली तुंबलेली गटारे, वर खोल्याखोल्यांतून आणि वाटांतून अंथरलेले रुग्ण. कोठारात माल पडून असे, पण तपासणी मंडळाच्या सह्या झाल्याखेरीज तो बाहेर निघत नसे. कचेरीत काम करणाऱ्या वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रिया इतर रुग्णांच्या डोळ्यांदेखत, खाटेशेजारीच होत. उद्या ज्याची पाळी, त्याने आज शेजाऱ्याचे हाल पाहायचे. बाईंनी पहिल्या काही दिवसांतच आडोशासाठी पडदा मिळविला. भुलेचा शोध तेव्हा जुना झाला होता; बोस्टनला १८४६ मध्ये ईथर आणि एडिंबरोला १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म यांचा उपयोग झाला होता. पण १८४८ च्या आरंभीच इंग्लंडात पायाच्या अंगठ्याचे नख काढताना एक पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मखाली दगावली, आणि डॉक्टरांत भुलेविषयी धास्ती होती. क्रिमियातील लष्करी वैद्यकीय प्रमुख डॉ. जॉन हॉल हे मुंबईची नेमणूक संपवून तिकडे गेलेले गृहस्थ. गोळीच्या गंभीर जखमांत क्लोरोफॉर्म शक्यतो टाळावा, सुरीच्या वेदनेने रुग्णाला उलट हुशारीच येते, अशा अर्थाचा सल्ला त्यांनी आपल्या डॉक्टरांना दिला. पुष्कळांनी तो मानला नाही हे सुदैव. याच हॉलसाहेबांनी १८५४ च्या शरदात स्कुटारीची पाहणी करून तेथे सर्व काही ठीक असल्याचा अहवाल वर पाठविला होता. खाली काय घडते हे वर कळू न देणे हा इस्पितळांचा फार जुना रोग आहे.

शाळेतल्या धड्यात यानंतर दिवा येतो आणि बाईंच्या पावलांबरोबर मृत्यू मागे हटतो. वस्तुस्थिती अशी, की त्यांच्या आगमनानंतर मृत्यूचे प्रमाण कमी न होता वाढत गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत स्कुटारीत उपचार घेणाऱ्यांतील शेकडा ४२ दगावत होते. मार्चमध्ये लंडनहून आरोग्य आयोग आला. त्याने गटारे उपसली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. आणि जूनमध्ये हेच प्रमाण शेकडा सुमारे दोनवर आले. बाई आणि त्यांच्या सहकारी हिवाळाभर रात्रंदिवस राबल्या होत्या, यात शंका नाही. पण ज्या इमारतीत त्या राबल्या तीच माणसे मारीत होती, आणि हे त्या वेळी त्यांच्याही ध्यानात आले नव्हते.

ते ध्यानात आले युद्धानंतर, लंडनमध्ये, आकड्यांपुढे बसल्यावर. १८५६ मध्ये परतल्यावर त्यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर सैन्याच्या मृत्यूंची फेरमांडणी केली. या युद्धात ब्रिटिशांची सुमारे २१,००० माणसे गेली. त्यांतील सुमारे १६,००० रोगांनी. त्याहून कठोर गोष्ट म्हणजे आघाडीजवळच्या साध्यासुध्या इस्पितळांपेक्षा स्कुटारीचे मोठे इस्पितळ अधिक घातक ठरले होते. येथे एखाद्याने अहवाल गुंडाळून ठेवला असता. देश तर त्यांची पूजा करीत होता. हिशेब मागणारे कोणी नव्हते. बाईंनी तो स्वतःहून मांडला आणि छापला. वर्षाचे बारा महिने म्हणजे गुलाबाच्या बारा पाकळ्या, पाकळीच्या क्षेत्रफळाइतके मृत्यू, जखमांचे लाल, टाळता येण्याजोग्या रोगांचे निळे, अशी त्यांची १८५८ ची आकृती सांख्यिकीच्या वर्गात आजही दाखवतात. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद. पुढची कित्येक वर्षे त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. एका चरित्रकाराने त्या आजाराचे मूळ स्कुटारीच्या आकड्यांनी बसलेल्या धक्क्यात शोधले आहे. इतरांना क्रिमियात जडलेला ताप पुरेसा वाटतो. ते काहीही असो, स्वतःच्या इस्पितळातील मृत्यू स्वतः मोजून जगापुढे ठेवणारी माणसे तेव्हा थोडी होती, आणि आजही त्यांची गर्दी झालेली नाही.

परिचर्येवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १८६० च्या आरंभी निघाले. त्यातील बारीकसारीक व्यवस्थेवरचे प्रकरण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. त्यांचे म्हणणे असे, की तुम्ही हजर असताना जे करता ते तुमच्या गैरहजेरीतही होईल अशी तजवीज नसेल, तर तुमच्या चांगुलपणाचा रुग्णाला उपयोग नाही. सर्वांत निष्ठावान परिचारिकेलाही झोपावे लागते, जेवावे लागते, दुसऱ्या रुग्णाकडे जावे लागते. जबाबदारी घेणे म्हणजे सगळे स्वतः करणे नव्हे. प्रत्येकाने आपले काम केले आहे हे पाहणे होय. आणि याला त्या दाखला देतात तो इस्पितळातला नव्हे, जहाजाचा. त्या काळचे सर्वांत मोठे जहाज ‘ग्रेट ईस्टर्न’ १८५९ च्या सप्टेंबरमध्ये चाचणीच्या सफरीवर असताना त्यावर स्फोट होऊन काही माणसे मेली. यंत्रात दोष नव्हता. उघडी राहायला हवी होती ती एक तोटी कोणीतरी बंद केली होती, आणि ती पाहणे हे नेमके कोणाचे काम हे ठरलेले नव्हते. बाईंनी ही वृत्तपत्रातली ताजी बातमी उचलली आणि रुग्णाच्या खाटेपाशी आणून ठेवली. विमानवाहतुकीतील अपघातांचा धडा शस्त्रक्रियागृहाने गिरवावा, असे अलीकडे वैद्यकीय परिषदांतून सांगितले जाते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बोटीच्या अपघाताचा धडा एका परिचारिकेने असाच दिला होता.

इस्पितळांवरील त्यांच्या पुस्तकाची सुधारून वाढविलेली आवृत्ती १८६३ ची. इस्पितळाने निदान रुग्णाला अपाय तरी करू नये, या अपेक्षेपासून ते सुरू होते. खेड्यांतील काही लहान इस्पितळांत शस्त्रक्रियागृहाला लागून एक छोटी खोली असते आणि शस्त्रक्रियेचा पहिला परिणाम ओसरेपर्यंत रुग्णाला तेथेच ठेवतात, अशी नोंद त्यात आहे. आजच्या रिकव्हरी रूमचा जुन्यात जुना उल्लेख म्हणून ही नोंद दाखविली जाते. शस्त्रक्रिया संपली म्हणजे धोका संपला असे नव्हे. भूल उतरत असताना जीभ मागे पडून श्वास अडतो, उलटी छातीत जाते, आतून रक्त वाहत राहते. हे सारे काही मिनिटांत घडते, आणि त्या वेळी शल्यविशारद पुढच्या रुग्णाकडे वळलेला असतो. तेथे डोळ्यांत तेल घालून बसते ती परिचारिका. त्याच सुमारास बाईंनी शस्त्रक्रियांच्या नोंदीचा एक नमुना सुचविला: रुग्णाचे वय, कोणती शस्त्रक्रिया, नंतर कोणती गुंतागुंत उद्भवली, मृत्यू झाला तर कशाने. सगळ्या इस्पितळांनी एकाच पद्धतीने लिहिले तरच तुलना करता येईल, असा त्यांचा आग्रह होता. इस्पितळांना तो मानवला नाही. कष्ट होतेच, शिवाय अशा तुलनेची कोणाला हौस असते?

आपल्या कामाला त्यांनी हाच मापदंड लावला. किंग्ज कॉलेज इस्पितळात त्यांच्या निधीतून सुईणींच्या शिक्षणासाठी एक प्रसूतिकक्ष चालत होता. बाळंतरोगाने तेथे माता मरू लागल्या. सहा वर्षांची मोजणी केली तेव्हा हजारी सुमारे ३३ मृत्यू भरले. घरी होणाऱ्या बाळंतपणात हे प्रमाण हजारी सुमारे पाच होते. १८६७ मध्ये तो कक्ष बंद करण्यात आला, आणि १८७१ मध्ये बाईंनी या विषयावर पुस्तक लिहून देशभरातील आकडे मांडले. आपल्या नावाने चाललेली योजना आकड्यांवरून बंद करून वर तिच्या अपयशावर ग्रंथ लिहिणे, हे आपल्याकडील योजनाकारांना कितपत रुचेल, कोणास ठाऊक!

हिंदुस्थानशी त्यांचा संबंध याच वाटेने आला. येथील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याविषयी नेमलेल्या आयोगाचे काम त्यांनी लंडनमध्ये खोलीत बसून केले. १८६३ च्या अहवालाने उघड केलेले मृत्युप्रमाण हजारी ६९ होते. पुढे त्यांची नजर छावणीबाहेरच्या रयतेकडे वळली. दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी कर्ज, गावची स्वच्छता यांवर त्यांनी लिहिले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता त्या दंडकाच्या दुसऱ्या बाजूकडे. १८६० मध्ये सेंट टॉमस इस्पितळात जनतेच्या निधीतून त्यांची परिचर्याशाळा निघाली. प्रत्येक विद्यार्थिनीच्या कामाची छापील तक्त्यावर नोंद होई. परिचारिकांवर हुकमत मुख्य परिचारिकेची, डॉक्टरांची नव्हे, ही मोठी क्रांती होती. परंतु रुग्णाच्या उपचाराबाबत डॉक्टरची आज्ञा पाळणे हे या शिक्षणाचे पहिले वळण राहिले. बाईंना डोळस आज्ञापालन अभिप्रेत होते, निरीक्षण करून डॉक्टरला नेमके सांगणारी परिचारिका हवी होती. प्रत्यक्षात डोळस हा शब्द गळला आणि आज्ञापालन तेवढे जगभर पसरले. १८८७ नंतर परिचारिकांच्या सरकारी नोंदणीची चळवळ सुरू झाली तेव्हा बाईंनी तिला विरोध केला. परीक्षेने चारित्र्य मोजता येत नाही हे त्यांचे कारण. मला ही त्यांची चूक वाटते. ज्या बाईंनी आयुष्यभर मोजण्याचा आग्रह धरला, त्यांनी परिचारिकेला कायद्याचे बळ देणारे मोजमाप मात्र नाकारले. जंतूंचा सिद्धांत पटायलाही त्यांना वेळ लागला. पण १८८२ च्या एका वैद्यकीय कोशातील त्यांच्या लेखांत जंतुनाशनाच्या सूचना आहेत. म्हणजे साठी उलटल्यावर मत बदलण्याची त्यांची तयारी होती.

आज्ञापालनाचा तो वारसा आज शस्त्रक्रियागृहात अडचणीचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची तपासणी-यादी प्रसृत केली. भूल देण्यापूर्वी, सुरी लावण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी असे तीन वेळा थांबायचे. रुग्ण हाच ना, अंग हेच ना, कोणत्या औषधाचे वावडे आहे, बोळे, सुया व हत्यारे मोजून पुरी भरली ना, हे मोठ्याने विचारायचे. हे विचारण्याचे काम बहुधा परिचारिकेकडे असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ शहरांतील रुग्णालयांत, त्यांत नवी दिल्लीचेही एक होते, मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात हीच यादी सक्तीची झाली. २०१४ च्या अहवालात मात्र तेथील १०१ रुग्णालयांत लक्षणीय फरक आढळला नाही. कागद तोच. सक्ती आली की चौकटीत खुणा करण्याचे काम उरकले जाते, हा त्याचा एक अर्थ असू शकतो, आणि हजेरीपट भरणाऱ्या आम्हा शिक्षकांना तो सहज पटेल. एक बोळा कमी भरतो आहे, टाके घालू नका, असे वीस वर्षांची परिचारिका नामांकित शल्यविशारदाला सांगू शकते का, आणि तिने सांगितल्यावर तो थांबतो की खेकसतो, यावर त्या यादीची किंमत ठरते. मोजदाद खोटी निघाली म्हणून तिलाच बोलणी बसली, तर पुढच्या खेपेस ती गप्प राहील. झालेली चूक सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपविणाऱ्याला अभय, असा व्यवहार जेथे असेल तेथे चुका लपविल्या जाणार. यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आपल्याकडे रुग्णालय बांधायचे म्हणजे इमारत आणि यंत्रे. उद्घाटनाच्या कोनशिलेवर भुलेच्या यंत्राची किंमत असते; रिकव्हरी रूममध्ये रात्री किती रुग्णांमागे किती परिचारिका असतील हे कोठे लिहिलेले नसते. परिचारिकांच्या जागा रिक्त ठेवून केलेली बचत ही बचत नव्हे, तो खर्च बाकावर बसलेल्या कुटुंबाच्या नावे टाकलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर किती रुग्णांना जखमेत पू झाला, किती पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, किती दगावले, याचा वार्षिक तक्ता प्रत्येक सार्वजनिक व खासगी रुग्णालयाने दाराशी लावावा, ही मागणी अवास्तव नाही. बाईंनी ती १८६३ मध्येच केली होती. परिचारिका दिनाच्या समारंभात हारांबरोबर असा एखादा तक्ता वाचून दाखविण्याची प्रथा पाडता येईल.

बाईंना १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तोवर दृष्टी गेली होती, स्मृतीही विझत आली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या झोपेतच गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन करण्याची सूचना कुटुंबीयांनी नाकारली. ईस्ट वेलो या खेड्यातील थडग्यावर त्यांचे पूर्ण नावही नाही; दोन आद्याक्षरे आहेत, आणि जन्ममृत्यूच्या तारखा.